एंडोस्कोपीतला वाटाड्या: पचनमार्गात नेव्हिगेशन तंत्रज्ञान वापरायचे कसे

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून लवचीक दुर्बीण (स्कोप) घालून मोठ्या आतड्याची तपासणी, करताना पडद्यावर आतड्याची आतली बाजू लख्ख दिसते. दिसत नाही तो स्कोपचा दांडा. टोकावरचा कॅमेरा समोरचेच बघतो. मागचा दांडा पोटात कसा वळलाय, कुठे वेटोळे झालेय, आतड्याची भिंत कुठे ताणली जातेय, याचा त्याला पत्ता नसतो. रुग्णाला दुखते, तपासणी अडते, क्वचित आतड्याला भोकही पडते, आणि त्यात बरेचदा हात असतो तो या न दिसणाऱ्या दांड्याचाच.

नेव्हिगेशनची गरज पडली ती इथे. पुढे त्यात बऱ्याच गोष्टी जमा झाल्या, आणि आज यंत्रणा घेणारे आणि वापरणारे दोघेही गोंधळतात. म्हणून आधी एवढे पक्के करून घ्या की प्रश्न तीन आहेत. स्कोप शरीरात कुठे आणि कोणत्या आकारात आहे? आपण काय पाहिले आणि काय पाहायचे राहिले? सापडलेली जागा पुढच्या माणसाला पुन्हा सापडेल का? पहिल्याचे उत्तर चुंबकीय प्रतिमा देते, दुसऱ्यासाठी एआयवर चालणाऱ्या यंत्रणा मदत करतात, तिसऱ्याला आजही शाई आणि नीट लिहिलेला रिपोर्ट लागतो. एका प्रश्नाचे यंत्र दुसऱ्याचे उत्तर देत नाही. पुढे सांगितलेल्या बहुतेक चुका हे विसरल्यामुळे होतात.

लेख लिहिताना समोर आहेत ते एंडोस्कोपी शिकणारे डॉक्टर आणि त्या खोलीत काम करणाऱ्या परिचारिका व टेक्निशियन. हाताचे कौशल्य वाचून येत नाही, ते अनुभवी माणसाच्या देखरेखीखालीच शिकायचे. पडद्यावर काय वाचायचे हे मात्र आधी समजून घेता येते.

पडद्यावर जे दिसते ते नेमके काय

पूर्वी दांड्याचा आकार बघायचा तर क्ष-किरणांखाली बघावा लागे. म्हणजे शिशाचे एप्रन, रुग्णाला आणि कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्ग, आणि एवढे करून सपाट चित्र. १९९३ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटिश संशोधकांनी क्ष-किरणांशिवाय स्कोपची त्रिमितीय आकृती दाखवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे ऑलिम्पसच्या ‘स्कोपगाइड’सारख्या यंत्रणा याच तत्त्वावर बाजारात आल्या.

तत्त्व सोपे आहे. स्कोपच्या दांड्यात ठराविक अंतरावर तारेची बारीक वेटोळी, म्हणजे कॉइल, बसवलेली असतात. त्यांतून क्षीण, स्पंदित चुंबकीय क्षेत्र निघते आणि रुग्णाशेजारी ठेवलेली रिसीव्हरची तबकडी ते टिपते. प्रत्येक कॉइल कुठे आहे याचे गणित संगणक करतो, ते बिंदू जोडतो आणि दांड्याची हलती आकृती पडद्यावर काढतो. काही यंत्रणांत हे उलटे चालते: क्षेत्र बाहेरून सोडतात आणि स्कोपमधले सेन्सर ते टिपतात. ज्या स्कोपमध्ये कॉइल नसतात त्यांच्या चॅनलमधून, म्हणजे उपकरणे घालायच्या पोकळ नळीतून, कॉइलवाली सळई घालता येते. पण मग तो चॅनल अडतो, सक्शन कमी पडते आणि पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवरची गाठ) काढायचा तर सळई आधी बाहेर घ्यावी लागते. शक्य असेल तिथे कॉइल बसवलेला स्कोपच बरा.

आता सगळ्यात महत्त्वाचे. पडद्यावर दिसतो तो स्कोप. आतडे दिसत नाही. आतडे तिथे असणार असा अंदाज आपण त्या आकारावरून बांधतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबर येतो. ज्यांचे आतडे जन्मतःच नेहमीपेक्षा मोकळे असते किंवा ज्यांच्यावर आधी शस्त्रक्रिया झालेली असते, त्यांच्यात तो सपशेल चुकू शकतो.

पहिली पायरी: रुग्ण आत येण्यापूर्वी

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर आहे का, हे विचारल्याशिवाय यंत्रणा सुरू करू नका. अशा रुग्णांत वापराबद्दल उत्पादकांच्या सूचनापत्रात इशारा असतो. तो वाचा, आणि खात्री नसेल तर तबकडी बंद ठेवून नेहमीच्या पद्धतीने तपासणी करा. त्यात कमीपणा काही नाही. हा प्रश्न संमतीपत्राच्या वेळी विचारायचा असतो. रुग्ण टेबलावर झोपल्यावर आणि औषध दिल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरे, धातू. लोखंडी कठडे, सलाइनचा स्टँड, रुग्णाच्या कमरेचा पट्टा, खिशातला मोबाइल, जवळ सरकवलेली दुसरी ट्रॉली, यांतल्या कशानेही आकृती थरथरते, वाकडी येते किंवा तुकड्यातुकड्यांत दिसते. आकृती विचित्र दिसली की पहिला संशय धातूवर घ्यावा. टेबल ठरलेले ठेवा, तबकडीची जागा ठरवा आणि जमिनीवर चिकटपट्टीने खूण करून टाका. रोज नव्याने अंदाज बांधण्यापेक्षा ते सोपे पडते.

तबकडी रुग्णाच्या पोटासमोर, यंत्रणेने सांगितलेल्या अंतराच्या आत हवी. फार लांब गेली तर दूरची कॉइल नीट टिपली जात नाहीत. ती बसवली की स्कोप हातात धरून तबकडीसमोर हलवून बघा: सरळ धरल्यावर सरळ दिसतो का, गोल केल्यावर गोल दिसतो का. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. मग रुग्णाची स्थिती यंत्रात नोंदवा. डाव्या कुशीवर की उताणा, हे यंत्राला ठाऊक नसेल तर ते दाखवत असलेले वर-खाली आणि डावे-उजवे तुमच्या डोक्यातल्या चित्राशी जुळणार नाही. गुदद्वाराच्या पातळीची खूण करायची सोय असेल तर तीही आत्ताच करून घ्या. त्यावरून शरीरात किती दांडा गेलाय ते कळते.

पडदा कुठे ठेवायचा हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नसतो. एंडोस्कोपीचा मुख्य पडदा आणि आकृतीचा पडदा शेजारीशेजारी, डोळ्यांच्या पातळीवर हवेत. मान वळवून बघावे लागले की माणूस बघत नाही.

दुसरी पायरी: स्कोप आत जाताना

पडद्यावर दोन बाजूंची दृश्ये मागवता येतात, समोरून आणि बाजूने. दोन्ही चालू ठेवा. आकृतीचा जो भाग तबकडीच्या जवळ असतो तो उजळ आणि लांबचा गडद दाखवतात. वेटोळ्यात दांड्याचा कोणता भाग पुढे आणि कोणता मागे हे त्या छटेवरून ओळखायचे असते. सुरुवातीला ही छटा लक्षातच येत नाही, म्हणून पहिले काही दिवस नुसते बाजूला उभे राहून दुसऱ्याच्या तपासणीत ती वाचायचा सराव करावा.

काही आकडे पाठ असू द्या. दांडा सरळ असेल तर प्लीहेजवळच्या वळणाशी, म्हणजे स्प्लेनिक फ्लेक्शरला, स्कोप साधारण ५० सेंमी आत असतो आणि सीकमला, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकाला, ७० ते ८० सेंमी. दीड मीटरचे आतडे एवढ्याशा दांड्यावर कसे मावते, असा प्रश्न पडेल. आतडे दांड्यावर चुण्यांसारखे गोळा होत जाते, म्हणून मावते. यातला उपयोगाचा भाग असा: टोक अजून स्प्लेनिक फ्लेक्शरलाच आहे आणि आत गेलाय ९० सेंमी दांडा, म्हणजे उरलेले ४० सेंमी कुठेतरी वेटोळ्यात अडकलेत. हे कळायला पडद्याचीही गरज नाही, दांड्यावरच्या खुणा पुरतात. पडदा सांगतो ते वेटोळे कुठे आहे आणि कसे आहे.

हवा कमी भरा. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड असेल तर उत्तम, तो लवकर शोषला जातो आणि नंतर पोट कमी दुखते. फुगलेले आतडे लांबते, त्याचे कोपरे तीव्र होतात आणि मग नेव्हिगेशन कितीही चांगले असले तरी वाट अवघडच राहते.

तिसरी पायरी: लूप ओळखा, मग हात हलवा

इथे जरा थांबू, कारण चुंबकीय प्रतिमेचा खरा उपयोग इथेच आहे.

मोठ्या आतड्याचा उतरता आणि चढता भाग मागच्या भिंतीला चिकटलेले असतात. सिग्मॉइड (गुदाशयाच्या वरचा वळणदार भाग) आणि ट्रान्सव्हर्स (आडवा भाग) मात्र पोटातल्या पातळ पापुद्र्याला लोंबत असतात, मोकळे. स्कोप ढकलला की हे मोकळे भाग त्याच्याबरोबर ताणले जातात. म्हणून लूप, म्हणजे दांड्याची वेटोळी, पडतात ते प्रामुख्याने या दोन ठिकाणी, आणि तेही ठरलेल्या मोजक्याच आकारांत.

सगळ्यात जास्त दिसतो तो सिग्मॉइडमधला एन लूप. दांडा वर जातो, मग सिग्मॉइड संपून उतरते आतडे सुरू होते तिथे टोक एका तीव्र कोपऱ्यात अडते. समजा स्कोप ६० सेंमी आत आहे. तुम्ही ढकलताय, समोरचे चित्र मात्र हलत नाही, किंवा उलट मागे सरकतेय. टोक वळवायची चाके जड लागतात. रुग्ण कण्हतो. अशा वेळी हात नकळत आणखी जोर लावतो. तो लावायचा नाही. नजर आकृतीच्या पडद्यावर न्या. दांड्याची कमान पोटाच्या वरच्या बाजूला फुगत चाललीय आणि टोक जागेवरच आहे, असे दिसले तर तुमचा सगळा जोर त्या कमानीत जातोय. टोक कोपऱ्यात हलकेच अडकवून ठेवा, दांड्याला उजवीकडे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पीळ द्या आणि सावकाश मागे ओढा. पडद्यावर कमान खाली उतरताना, सपाट होताना दिसेल. ओढताना टोक निसटतेय असे वाटले की थांबा. दांडा सरळ झाला की तुमच्या हाताची एक सेंमी हालचाल आणि टोकाची एक सेंमी हालचाल पुन्हा जुळते. ती जुळली की मगच पुढे.

अल्फा लूपमध्ये सिग्मॉइड स्वतःवरून पूर्ण वळसा घेते. गंमत अशी की यात तीव्र कोपरा नसतो, त्यामुळे टोक उतरत्या आतड्यात आरामात सरकते. म्हणून अल्फा दिसल्या दिसल्या सोडवायची घाई करू नका. रुग्णाला फार त्रास नसेल तर टोक उतरत्या आतड्यात चांगले वरपर्यंत नेऊन मग उजवा पीळ देत मागे ओढणे सोपे जाते. टोकाला धरायला जागा मिळते आणि लूप सुटताना ते घसरून खाली येत नाही.

उलटा अल्फा कमी वेळा पडतो, आणि पडद्याविना सोडवताना दमछाक होते ती त्याचीच. समोरून पाहिले तर तो अल्फासारखाच दिसतो, पण वळसा विरुद्ध दिशेचा असतो. नेहमीच्या सवयीने उजवा पीळ दिला की तो सुटण्याऐवजी आणखी घट्ट होतो. इथे उजळ आणि गडद छटा कामी येते: दांड्याचा कोणता भाग पुढे आहे ते पाहा, वळशाची दिशा ठरवा आणि डावा पीळ देत ओढा. खात्री नसेल तर थोडासा पीळ द्या आणि पडद्यावर बघा. वर्तूळ मोठे होत उलगडतेय की लहान होत आवळतेय? आवळत असेल तर लगेच उलट दिशा. पडद्याविना हेच काम प्रतिकाराच्या स्पर्शावरून करावे लागते आणि ती जाण यायला वर्षे जातात.

ट्रान्सव्हर्सचा लूप वेगळा. तो भाग दांड्याच्या वजनाने खाली, कधी थेट ओटीपोटापर्यंत लोंबतो आणि टोकाला यकृताजवळच्या वळणापर्यंत मोठी चढण चढावी लागते. इथेही ढकलून भागत नाही. टोक वळणाजवळ पोचवा, हवा ओढून घ्या आणि दांडा मागे घ्या. लोंबता भाग वर उचलला जातो आणि मागे ओढत असतानाच टोक पुढे सरकते. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे खोटे वाटते. आकृतीच्या पडद्यावर ते घडताना दिसते, आणि शिकणाऱ्याला पटवायला त्याहून चांगला पुरावा नाही.

दांडा कडक करायची सोय असलेले स्कोप आहेत. ती सोय वापरायची ती लूप सोडवल्यावर, सरळ झालेला दांडा पुन्हा वाकू नये म्हणून. लूप असतानाच कडक केला तर वेटोळेच कडक होते, आणि त्याचा सगळा भार आतड्याच्या भिंतीवर येतो.

चौथी पायरी: पोटावरचा हात

पोटावर दाब देणाऱ्या परिचारिकेला आपण वर्षानुवर्षे ‘जरा डावीकडे, नाही, थोडे वर’ असे सांगत आलो. तिचा हात नेमका कशावर आहे हे तिलाही दिसत नसे आणि आपल्यालाही. चुंबकीय यंत्रणेबरोबर हातावर ठेवायची एक छोटी कॉइल मिळते. ती ठेवली की हाताची जागा पडद्यावर ठिपक्याच्या रूपात दिसते. लूपची कमान आणि ठिपका एकमेकांवर आणायचे, मग दाब द्यायचा.

क्रम मात्र चुकवू नका. आधी लूप सोडवा, दांडा सरळ करा, मग तो पुन्हा पडू नये म्हणून दाब द्या. पडलेल्या लूपवर नुसता जोरात दाब दिल्याने फार काही साधत नाही. परिचारिकेचे मनगट दुखते आणि रुग्णाचे पोट. दाब बेताचा, तळहाताने. आकृतीत काही फरक पडला नाही तर हात काढून घ्या. दुसरा उपाय कूस बदलण्याचा आहे, आणि पुष्कळदा तोच दाबापेक्षा सरस ठरतो. कूस बदलली की यंत्रातली स्थितीही बदलायची. ही नोंद नेहमी राहून जाते, म्हणून ती कोणी करायची हे तपासणीआधीच एका माणसाला नेमून द्या.

पाचवी पायरी: सीकमची खात्री

आकृतीत टोक पोटाच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दिसले म्हणजे सीकमला पोचलो, असे मानू नका. लोंबलेल्या ट्रान्सव्हर्समध्येही टोक तिथे दिसू शकते. सीकमची ओळख कॅमेऱ्यानेच पटवायची: अपेंडिक्सचे तोंड, इलिओसीकल व्हॉल्व्ह (लहान आतडे मोठ्याला मिळते तिथली झडप), आणि एकत्र येणाऱ्या तीन घड्या. पहिल्या दोहोंचे फोटो काढून ठेवा. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२४ मध्ये सुधारलेल्या निकषांत सीकमपर्यंत पोचण्याचे प्रमाण किमान ९५ टक्के असावे असे म्हटले आहे. ते फोटोंनी सिद्ध होते.

सहावी पायरी: बाहेर येताना

आत जाणे हा प्रवास, बाहेर येणे ही तपासणी. इथे पहिल्या प्रश्नाचे यंत्र मागे पडते आणि दुसरा प्रश्न सुरू होतो: काय पाहायचे राहिले?

पॉलिप ओळखणाऱ्या एआय यंत्रणा चालू चित्रात संशयित जागेभोवती चौकट काढतात. यातली ‘जीआय जीनियस’ ही यंत्रणा अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने एप्रिल २०२१ मध्ये मान्य केली. त्याआधी २०१९ मध्ये ‘गट’ या नियतकालिकात आलेल्या चीनमधल्या चाचणीत १,०५८ रुग्ण होते. नेहमीच्या तपासणीत अॅडेनोमा (पुढे कर्करोगात बदलू शकणारी गाठ) सापडण्याचे प्रमाण २०.३ टक्के होते, यंत्राच्या मदतीने ते २९.१ झाले. पुढच्याच वर्षी इटलीतल्या ६८५ रुग्णांच्या चाचणीत हेच प्रमाण ४०.४ वरून ५४.८ टक्क्यांवर गेले. वाढलेल्यांत लहान गाठींचा वाटा मोठा असतो, हेही सांगायला हवे.

या यंत्राची मर्यादा पहिल्याइतकीच साधी आहे: जे कॅमेऱ्यासमोर आले नाही त्याभोवती ते चौकट काढू शकत नाही. घडीच्या मागची गाठ, वळणाच्या आतल्या अंगाची गाठ, पाण्याच्या डबक्याखालची गाठ त्याच्यासाठी नसतेच. म्हणून हात आधी, यंत्र नंतर. प्रत्येक घडीमागे टोक वळवून बघा. डबकी शोषून घ्या. उजव्या बाजूचे आतडे दोनदा पाहा. कूस बदलत या: उजवी बाजू पाहताना रुग्ण डाव्या कुशीवर, ट्रान्सव्हर्सला उताणा, स्प्लेनिक फ्लेक्शर आणि उतरते आतडे पाहताना उजव्या कुशीवर. वायू वर चढतो आणि पाहायचा भाग उघडतो. बाहेर येण्याचा वेळ पूर्वी किमान ६ मिनिटे धरत. २०२४ च्या त्याच अमेरिकी निकषांत तो सरासरी ८ मिनिटे झाला आहे, म्हणजे ज्यात काहीच काढावे लागले नाही अशा तपासण्यांत.

चौकटी खोट्याही उमटतात: बुडबुडे, विष्ठेचे कण, फुगीर घडी, कधी इलिओसीकल व्हॉल्व्हसुद्धा. क्षणभर उमटून गेलेली चौकट बहुधा खोटी असते. एकाच जागी टिकून राहणारी पाहावीच लागते.

याहून वेगळ्या जातीच्या यंत्रणा वेगावर लक्ष ठेवतात. ‘एंडोएंजल’ ही वूहानमध्ये तयार झालेली यंत्रणा टोक किती वेगाने मागे येतेय ते मोजते आणि घाई झाली की इशारा देते. २०२० च्या चाचणीत तिच्यामुळे अॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण ८ वरून १६ टक्क्यांवर गेले. मला हे चौकटींपेक्षा जास्त मोलाचे वाटते. घाई ही डोळ्यांची चूक नसते, सवयीची असते, आणि ती स्वतःची स्वतःला दिसत नाही.

आतड्याचा त्रिमितीय नकाशा तयार करून न पाहिलेली जागा रंगवून दाखवण्याचे प्रयत्नही चालू आहेत. काम अवघड आहे, कारण भिंत मऊ, ओलसर, चकाकणारी, सतत आकुंचन पावणारी. रस्त्याच्या नकाशात रस्ता तरी जागचा हलत नाही. प्रात्यक्षिके पाहून लगेच भुलू नका. ओल्या, हलत्या, अर्धवट साफ झालेल्या आतड्यात ते कसे चालते, ते विचारा.

सातवी पायरी: जागा टिपून ठेवणे

गाठ सापडली, ती कर्करोगाची वाटते, शस्त्रक्रिया होणार. सर्जन दुर्बिणीतून बाहेरच्या बाजूने आतडे बघणार, त्याला आतली गाठ दिसणार नाही. रिपोर्टात ‘४५ सेंमीवर’ असे लिहिले असेल तर त्या आकड्याला फारसा अर्थ नाही. लूप असताना मोजलेले ४५ आणि दांडा सरळ असताना मोजलेले ४५ या दोन वेगळ्या जागा आहेत.

म्हणून असे करा. बाहेर येताना, दांडा सरळ असताना, टोक गाठीसमोर आणा. गाठीचा फोटो आणि त्याच क्षणी आकृतीच्या पडद्याचा फोटो, दोन्ही एकत्र जपा. मग कार्बन कणांच्या शाईने खूण करा. आधी थोडे सलाइन टोचून श्लेष्मल त्वचेखाली, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराखाली, फुगवटा तयार करा, मग त्या फुगवट्यात शाई सोडा. थेट सुई खुपसली तर शाई भिंतीच्या पार जाऊन पोटात पसरते आणि सर्जनला सगळीकडे काळे दिसते. खूण गाठीच्या गुदद्वाराकडच्या बाजूला, थोड्या अंतरावर, साधारण ३ सेंमीवर, आणि आतड्याच्या परिघावर एकाहून जास्त ठिकाणी. गाठीत किंवा तिच्याखाली शाई टोचू नका. ती गाठ पुढे एंडोस्कोपीनेच काढायची ठरली तर त्या जागी तंतू तयार होऊन थर सुटत नाहीत. सीकममधल्या आणि गुदाशयातल्या खालच्या गाठीला सहसा शाई लागत नाही, जागा स्वतःच ओळखू येते.

खूण गाठीच्या कोणत्या बाजूला केली, किती अंतरावर, किती ठिकाणी, हे रिपोर्टात स्पष्ट लिहा. नुसते ‘टॅटू केला’ एवढे लिहून सर्जनला शस्त्रक्रियेच्या टेबलावर अंदाज बांधायला लावू नये.

जठर, लहान आतडे आणि बाकीचे

जठरात वाट हरवत नाही, कोपरे हरवतात. तिथे नेव्हिगेशन म्हणजे ठरलेल्या क्रमाने ठरलेले फोटो. जपानच्या केन्शी याओ यांनी जठरासाठी २२ फोटोंचा क्रम मांडला. क्रम कोणताही घ्या, पण रोज तोच ठेवा. राहिलेल्या जागा दाखवणाऱ्या ‘वायसेन्स’ या यंत्रणेच्या २०१९ मधल्या चाचणीत न पाहिलेल्या जागांचे प्रमाण २२.४६ वरून ५.८६ टक्क्यांवर आले. म्हणजे यंत्राविना जवळजवळ पाचातली एक जागा राहत होती, हेच मुळात डोळे उघडणारे आहे.

लहान आतड्यात कॅप्सूल, म्हणजे गिळायची कॅमेऱ्याची गोळी, जाते. २००१ मध्ये मान्यता मिळाल्यापासून ती स्वतःच्या गतीने, आतड्याच्या हालचालीवर वाहत जाते. पोटावर चिकटवलेल्या सेन्सरना मिळणाऱ्या संकेताच्या जोरावरून तिची जागा ठरवतात, पण ती ढोबळ. पुढे बलून एंडोस्कोपी (फुगा लावलेल्या लांब स्कोपने लहान आतड्याची तपासणी) करायची तर तोंडाकडून जायचे की खालून, हे ठरवायला वेळ जास्त उपयोगी पडतो: कॅप्सूलच्या लहान आतड्यातल्या एकूण प्रवासापैकी साधारण पहिल्या दोन-तृतीयांश वेळात दोष दिसला असेल तर तोंडाकडून. बाहेरच्या चुंबकाने हलवता येणारी कॅप्सूल जठरासाठी आहे. ३५० रुग्णांच्या २०१६ मधल्या अभ्यासात जठरातले एका जागी मर्यादित असलेले दोष ओळखण्याची तिची संवेदनशीलता ९०.४ टक्के होती. बायोप्सी मात्र तिला घेता येत नाही. कोणतीही कॅप्सूल दिल्यावर ती बाहेर पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करू नका, आणि हे रुग्णाला लिहून द्या.

ईआरसीपीत, म्हणजे स्कोपमधून पित्त आणि स्वादुपिंडाच्या नलिकांत शिरण्याच्या प्रक्रियेत, वाटाड्या आजही क्ष-किरणच. तिथली तयारी आदल्या दिवशीची असते: पित्तनलिकांचा एमआरआय नीट पाहून, कोणत्या फांदीत वायर न्यायची हे ठरवूनच आत शिरावे. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये, म्हणजे स्कोपच्या टोकावरच्या सोनोग्राफीत, महाधमनी आणि तिच्या फांद्या या वाटेवरच्या खुणा. सीटीचे चित्र त्यावर जुळवून दाखवण्याचे प्रयोग झालेत, पण रोजच्या कामात खुणा ओळखता येण्याला पर्याय नाही.

शिकताना, आणि यंत्रणा घेताना

चुंबकीय प्रतिमेचा फायदा शिकणाऱ्यांना आणि अवघड आतड्यांत जास्त दिसतो. सराईत हाताला सोप्या रुग्णात त्याने फारसा फरक पडत नाही, आणि विक्रेत्याने काहीही सांगितले तरी ते तसेच आहे.

सवयीचा दुसरा धोकाही खरा आहे. पोलंडमधल्या चार केंद्रांचा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. एआय नेहमी वापरू लागल्यानंतर त्याच डॉक्टरांनी एआयविना केलेल्या तपासण्यांत अॅडेनोमा सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले होते. कारणांवर वाद होऊ शकतो, पण काळजी घ्यायला एवढे पुरेसे आहे. शिकणाऱ्यांना काही तपासण्या पडदा झाकून करायला लावा: लूप कोणता ते आधी हातावरून ओळखायचे, मोठ्याने सांगायचे, मग पडदा उघडून पडताळायचे. चौकटींचेही तसेच, काही तपासण्या त्या बंद ठेवून.

यंत्रणा घेताना तुमच्याकडच्या कोणत्या स्कोपशी ती जुळते हे आधी विचारा. कॉइल असलेल्या स्कोपची दुरुस्ती कुठे होते आणि किती दिवस लागतात, तेवढ्या काळात बदली स्कोप मिळतो का, आकृतीचे चित्र रिपोर्टात आपोआप जाते की हाताने जोडावे लागते, एआयचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाले की कोण कळवते, तेही लेखी घ्या. आणि वापर सुरू झाल्यावर दांड्याची आकृती एकाच जागी तुटक किंवा मोडल्यासारखी दिसू लागली, आजूबाजूचा धातू हलवूनही, तबकडी सरकवूनही तिथेच तशीच राहिली, तर त्या जागेचे कॉइल गेले असण्याची शक्यता धरा. तो स्कोप बाजूला ठेवून गळती चाचणी करा, दुरुस्तीला पाठवा आणि यादीतले पुढचे रुग्ण दुसऱ्या स्कोपवर घ्या.